भर हिवाळ्यात किन्नौर: एकटीने, पाठीवर सॅक, सरकारी बसने

रानवारा

व्यनितून (खासगी निरोपांतून) तेच तेच प्रश्न यायला लागले, म्हणून धागाच काढते. जानेवारीत हिमाचलमध्ये शिमला, सराहन आणि किन्नौर जिल्ह्यातलं कल्पा, सांगला असं फिरून आले. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने अंबाला, तिथून कालका, कालक्याहून शिमल्याची छोटी गाडी आणि शिमल्यापासून पुढे सगळं एचआरटीसीच्या म्हणजे हिमाचलच्या एसटीच्या साध्या बसने. टॅक्सी करायचीच नाही अशी काही शपथ घेतली नव्हती, पण गरज पडली नाही.

हे प्रवासवर्णन नाही. किन्नर कैलासवर पडलेली कोवळी किरणं वगैरे दुसरं कुणी तरी लिहीलच. मला बसबद्दल लिहायचंय. उन्हाळ्यात आपण जागा ठरवतो आणि मग बस शोधतो. हिवाळ्यात हे उलटं करावं लागतं, आणि ते कुणी नीट सांगत नाही.

आपल्याकडे एसटीची मुक्कामी गाडी असते ना, तशीच तिकडेही असते. संध्याकाळी शेवटच्या गावात पोचते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, आणि सकाळची पहिली फेरी तीच. हिवाळ्यात दुपारच्या फेऱ्यांचा भरवसा नसतो. वर बर्फ पडला की गाडी निम्म्या वाटेतून वळते. रात्री फारच पडला तर मुक्कामी गाडीही अडकते, पण मग अख्खं गावच अडकलेलं असतं, आणि गाडी कधी काढायची हे ठरवणारा माणूस निदान तुमच्या शेजारच्या खोलीत चहा पीत बसलेला असतो. त्यामुळे कुठल्याही गावात उतरलं की माझा पहिला प्रश्न "मुक्कामी गाडी कुठली, सकाळी किती वाजता सुटते?" हॉटेल नंतर. हॉटेलं तेव्हा रिकामीच असतात.

दुसरं, उजेड. सूर्यास्त साडेपाच-पावणेसहाला असला तरी सतलजच्या घळीत ऊन त्याच्या कितीतरी आधी जातं, आणि ऊन गेलं की दहा मिनिटांत थंडी अंगावर येते. मी तीनच्या आत मुक्कामाला पोचेन असं बघायचे. म्हणजे एका दिवसात फार अंतर होत नाही. शिमल्याहून रेकाँग पिओला (किन्नौरचं जिल्ह्याचं गाव, पुढे नुसतं पिओ म्हणते) थेट बस आहे, साधारण दहा तास लागतात, आणि लोक एका दमात जातातही. मी मध्ये रामपूर आणि सराहनला थांबले. रामपूर जेमतेम हजार मीटरवर, नदीकाठी. जानेवारीत तिथे दुपारी स्वेटर काढून बसता येतं. वर हवा बिघडली तर थांबायला याच्याइतकी चांगली जागा नाही: हमरस्त्यावर, बाजार आहे, दवाखाना आहे, मोठं स्टँड आहे.

कल्पाला मात्र जास्त राहिले. पिओहून वर बारा-तेरा किलोमीटर, लोकल बस आणि शेअर गाड्या चालू असतात. बहुतेक हॉटेलांना कुलूप होतं. एका घरी खोली मिळाली. नळ रात्रभर बारीक चालू ठेवायचा, नाहीतर पाइपात पाणी गोठतं. तरी एके सकाळी गोठलंच, मग घरच्या काकूंनी अंगणातला बर्फ पातेल्यात घालून तंदूरवर ठेवला. (हा तंदूर म्हणजे रोटीचा नव्हे. खोलीच्या मधोमध पत्र्याची लाकडं जाळायची शेगडी, धुराडं छतातून बाहेर. घरातलं सगळं हिवाळ्यात त्याच्याभोवती: स्वयंपाक, अभ्यास, लोकर कातणं, पाहुणे.) मीही तिथेच. खोलीत फक्त झोपायला.

विचारा काय विचारायचं ते.

ठाणेकर७

मस्त! पण ताई, एवढा त्रास कशाला? चंदीगडहून गाडी भाड्याने घ्यायची, हवं तिथे थांबायचं, हवे तेवढे फोटो. दोन तास स्टँडवर कुडकुडत बसण्यात काय थ्रिल ते मला कळत नाही.

रानवारा

थ्रिल काही नाही हो. सकाळी नऊच्या आत सावलीतल्या वळणांवर रस्त्याला पातळ बर्फाचा थर असतो, दिसत पण नाही. तिथे मी गाडी चालवू? किंवा आयुष्यात बर्फ न पाहिलेला भाड्याचा ड्रायव्हर? बसचा ड्रायव्हर त्याच रस्त्यावर रोज जातो. कुठल्या वळणावर गिअर पाडायचा, कुठे समोरच्याला आधी येऊ द्यायचं, हे त्याला पाठ असतं. आणि तो "आज नाही जात" म्हणाला, की विषय संपला, तुम्हाला डोकं चालवावं लागत नाही. स्वतःची गाडी असली की माणूस म्हणतो, "बघू तर खरं, जाऊ थोडं पुढे". फोटोंचं म्हणाल तर तरंडा देवीच्या देवळापाशी गाड्या थांबतातच. शेजारीच सरळसोट कडा कोरून काढलेला रस्ता आहे, आणि ड्रायव्हर लोक हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत. तेवढ्यात काढा.

मुक्कामपोस्ट

आयडी सार्थकी लागला! मुक्कामी गाडीच्या मुद्द्याला +१००.

ज्यांना एकदम हिमालयात उडी मारायची नाही त्यांनी डिसेंबरात आपल्याकडेच तालीम करावी. घोटीहून एसटीने बारीला उतरा, कळसूबाई करा. सोळाशे सेहेचाळीस मीटर, वर पहाटे बोटं वाकत नाहीत अशी थंडी. नाहीतर भंडारदऱ्याच्या बाजूला रतनवाडी, साम्रद. तिकडच्या गाड्या तशाही मोजक्याच, म्हणजे शेवटची गाडी चुकली तर काय, याचा सराव आपोआप होतो. सॅक किती जड झालीय, बूट कुठे चावतात, एकटं असताना रात्री आठनंतर काय करायचं, हे सगळं घरापासून चार-पाच तासांवर कळतं. उगाच दीड हजार किलोमीटरवर जाऊन कळायला नको.

सौ_उंबरठा

रानवारा, लेखन आवडलं, नेहमीप्रमाणे. दोन प्रश्न आहेत, आणि पुरुष मंडळींनी हसू नये. एक म्हणजे एकट्या बाईला बसमध्ये काही त्रास? दुसरा म्हणजे दहा तासांच्या प्रवासात लघवीचं काय करायचं? थंडीत तर जास्तच लागते. माझं घोडं दर वेळी याच प्रश्नाशी अडतं.

रानवारा

हसण्यासारखं काय आहे, हाच खरा प्रश्न आहे. बस जेवणाला आणि चहाला थांबते, तेव्हा ढाब्यावर जाऊन यायचं, लागली असो वा नसो. रामपूरच्या स्टँडवर सोय आहे. मध्ये लागलीच तर कंडक्टरला सांगायचं, अजिबात न लाजता. तिकडच्या बायका सांगतात, मीही सांगायचे. पाणी कमी प्यायचं हा उपाय मात्र करू नका. कोरड्या थंडीत तहान लागत नाही आणि डोकं दुखायला लागतं.

त्रासाचं विचाराल तर मला झाला नाही, पण माझ्यावरून सगळ्यांचं ठरवू नका. मी पुढच्या रांगांत, कंडक्टरजवळ बसायचे. या गाड्यांत शाळेतल्या मास्तरीणबाई, अंगणवाडीच्या ताई, बाजाराला निघालेल्या आज्या असतात. हिरवी मखमली पट्टी असलेली टोपी बायकाही घालतात. एकीने मला विचारलं, "अकेली? घर में लड़ाई हुई क्या?" आणि मग आक्रोड काढून ओंजळीत ठेवले. कंडक्टरकडे अर्ध्या गावाचं सामान असतं: कुणाची औषधं, कुणाची वर्तमानपत्रं, कुणाचा दुरुस्त केलेला मिक्सर. जानेवारीत सफरचंदाची नवी रोपं लावायचा हंगाम असतो, त्यामुळे गाडीत रोपांच्या मोळ्या, मुळं ओल्या गोणपाटात बांधलेली. माझ्या सॅकला बसायला जागा नव्हती, रोपांना होती. आणि ते बरोबरच आहे.

काळोख पडल्यावर अनोळखी ठिकाणी उतरायचं नाही, एवढा एक नियम पाळा. मुक्कामाच्या घरी आधी फोन करा की अमुक गाडीने येतेय. मग गाडीला उशीर झाला तर तेच कंडक्टरला फोन लावतात, सगळे एकमेकांना ओळखतात.

चहाबाज

खिडकी कुठली पकडायची? आणि श्रीखंड महादेव सराहनहून दिसतो म्हणे. आम्रखंड महादेव आहे का कुठे?

रानवारा

तुमच्या विनोदाला दंडवत. जाताना नारकंडा उतरून सतलज लागली की वांगतूच्या पुलापर्यंत डावी खिडकी, तिथे रस्ता नदी ओलांडतो, मग उजवी. श्रीखंडाचा डोंगर सराहनहून समोर दिसतो, नदीपलीकडे. भीमाकाली मंदिरात डोक्यावर टोपी लागते, तिथे ठेवलेल्या असतात. कातड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवायचं. लाकूड आणि दगड यांचे आलटून पालटून थर देऊन बांधलेले मनोरे आहेत. मंदिराच्या आवारात राहायची सोय आहे, तिथेच राहिले.

जुनाखेळिया

आमच्या वेळी वांगतूच्या पुढे परवान्याशिवाय सोडत नसत. आता भारतीयांना किन्नौर-स्पितीसाठी काही लागत नाही, परदेशी मित्र बरोबर असेल तर पिओच्या पुढच्या सीमाभागासाठी त्याला परवाना काढावा लागतो.

कल्पाला गेलात तर एक गोष्ट माहीत असू द्या. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक बाकी देशात बहुतेक ठिकाणी १९५२ च्या सुरुवातीला झाली, पण या भागात ऑक्टोबर १९५१ मध्येच मतदान उरकलं, कारण नंतर बर्फाने वाटा बंद होणार. कल्पाचे शाळामास्तर श्याम सरन नेगी यांनी २५ ऑक्टोबर १९५१ ला मत दिलं आणि देशाचे पहिले मतदार म्हणून ओळखले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये वारले, त्याच्या दोन-तीन दिवस आधी टपाली मतदान करून. १९५१ साली कल्पा गावाचं नाव 'चिनी' होतं. ज्या बर्फासाठी निवडणूक आयोगाने तारीख बदलली, त्या बर्फासाठी आपण परतीचं आरक्षण बदलायला का कुरकुरतो, हे मला कोडंच आहे.

ठाणेकर७

काका, निवडणूक आयोगाला रजा मंजूर करून घ्यावी लागत नाही.

डॉ_निशाचर

धाग्यात तंदूरचा उल्लेख आलाय म्हणून एक गोष्ट जोर देऊन सांगतो. धुराडं असलेला लाकडाचा तंदूर वेगळा आणि कोळशाची उघडी शेगडी वेगळी. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्याने दर हिवाळ्यात उत्तरेत माणसं मरतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस समजतो की विरळ हवेचा त्रास होतोय. हॉटेलवाल्याने प्रेमाने शेगडी आणून दिली तर शेका, मग खोलीबाहेर ठेवा आणि मगच दार लावा. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच, खिडकी उघडी असल्याशिवाय चालू करू नका.

उंचीबद्दल फार घाबरू नका. शिमला, रामपूर, सराहन, कल्पा अशा क्रमाने गेलात तर शरीराला वेळ मिळतो. कल्पा २९६० मीटर, सांगल्याच्या पुढचं चितकुल ३४५०. स्पितीतल्या काझाला जाणार असाल तर ते साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे, तिथे पहिला दिवस गप्प बसून राहा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) स्वतःच्या मनाने घेऊ नका, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर नाहीच. गारठलेली बोटं थेट आगीवर धरू नका, बधिर असतात, भाजलेलं कळत नाही. काखेत धरा.

सौ_उंबरठा

डॉक्टर, शेगडीचं माहीत नव्हतं. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत पूर्वी असायची, पण तेव्हा खिडक्यांना फटी होत्या.

चहाबाज

काझाचं विचारायचंच होतं. पिओहून बस आहे ना? जानेवारी-फेब्रुवारीत चालते? मनाली बाजूने अटल बोगदा झालाय, मग तिकडून का नाही?

गोंयकार_डोंगरात

अटल बोगद्याने लाहौल (मनालीपलीकडचं खोरं) उघडं राहतं, पण काझाला जायला पुढे कुंझुम खिंड लागते, ती हिवाळ्यात बंदच. त्यामुळे किन्नौरच्याच बाजूने. पिओहून सकाळी लवकर बस निघते, रस्ता उघडा असेल तर संध्याकाळपर्यंत काझा. दोनशे किलोमीटर आहे, पण किलोमीटर मोजू नका. खाब येथे स्पिती सतलजला मिळते, तिथून वर नाको, मग सुमदो, ताबो.

मी ताबोला उतरलो, एकदम काझाला गेलो नाही. मठ ९९६ सालचा, मातीच्या भिंती, आत अंधार आणि बाहेर डोळे दिपवणारं ऊन. होमस्टेवाल्या बाई म्हणाल्या, आंघोळ कशाला? मी म्हटलं, बरोबर. संडास कोरडा, वर माती-राख टाकायची, आणि खरं सांगायचं तर गोठलेल्या फ्लशपेक्षा शंभर पटीने बरा. काझाला रात्री उणे वीसच्या आसपास उतरतं. माझ्यासारख्या, वीस अंशांना मफलर बांधणाऱ्या गोव्याच्या माणसाने हे सहन केलं म्हणजे तुम्हीही कराल. फक्त परतीच्या तिकिटाआधी चार-पाच दिवस मोकळे सोडा. नाकोच्या आसपास दरड किंवा बर्फ आला तर सीमा सडकवाले (सीमाभागातले रस्ते सांभाळणारे) येईपर्यंत कुणाचं काही चालत नाही.

रानवारा

गोंयकार, स्पितीचा वेगळा धागा काढा की! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

हवेचं थोडं सांगते, कारण मोकळे दिवस कधी वापरायचे ते त्यावर ठरतं. तिकडे हिवाळ्यात बर्फ पश्चिमी चक्रावाताने येतो. तो येणार हे हवामान खात्याच्या शिमला केंद्राच्या अंदाजात दोन-चार दिवस आधी कळतं. एक-दोन दिवस पडतो, मग लख्ख ऊन आणि कडाक्याची थंडी. अंदाज वाईट असेल तर रस्ता जिथे संपतो अशा गावात थांबायचं नाही, हमरस्त्यावर यायचं. बर्फ हटवताना आधी हमरस्ता, मग फाटे.

मी सांगल्याला होते तेव्हा बस तिथपर्यंतच येत होती, पुढे रक्छम-चितकुल बंद. हॉटेलात दोघे म्हणत होते चालत जाऊ. त्या रस्त्यावर वरून हिमकडे कोसळतात, गावकरीसुद्धा हवा बघून जातात. मी कामरूचा किल्ला बघितला, राजमा-भात खाल्ला आणि हमरस्त्यावरच्या करछमला उतरले. चितकुल कुठे पळून जात नाही.

अजून एक, नारकंड्याचं. शिमला ते रामपूर मधला सगळ्यात उंच भाग तोच, २७०० मीटर. खाली रामपूर उघडं आणि वर पिओसुद्धा उघडं, पण नारकंडा बंद, असं होतं. मग गाड्या बसंतपूर-किंगलवरून किंवा सुन्नी-लुहरीवरून वळवतात. वेळ जास्त लागतो, पण रस्ता खालून आहे. "नारकंडा बंद" ऐकून लगेच हाय खाऊ नका, स्टँडवरच्या पूछताछच्या खिडकीत विचारा.

लिंबूटिंबू

कपडे, खाणं यावर कुणी बोलेल का? माझी पहिलीच वेळ. आईने आत्ताच कानटोपी विणायला घेतलीय.

मुक्कामपोस्ट

आईची कानटोपी न्याच. बाकी जाड एकच जाकीट घेण्यापेक्षा थर घाला. आत अंगाला चिकटून थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं. बसमध्ये माणसांच्या उबेने घाम येतो, तेव्हा एक थर काढायचा. घामाने आतला कपडा ओला झाला तर उतरल्यावर हुडहुडी भरते. लोकरीचे मोजे जास्तीचे. रात्री मोबाइल आणि पॉवरबँक पांघरुणात घ्यायची, थंडीत बॅटरी बसते. रबराची गरम पाण्याची पिशवी, ही सगळ्यात मोठी चैन. बर्फात चालणार असाल तर बुटांना बांधायचे खिळे मिळतात, ते घ्या.

रानवारा

आणि कोकमतेल! ओठ, टाचा, नाकाच्या कडा, सगळ्याला. महागडी मलमं नेली होती ती तशीच परत आली.

खाण्याचं म्हणाल तर पर्यटकांचा मोसम नसतो, ढाबेही अर्धे बंद. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं होतं. दशम्या झेलममध्येच संपल्या, कारण धुक्यामुळे दिल्लीच्या अलीकडे गाडी कित्येक तास नुसती उभी. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतल्या गाड्यांचं हे ठरलेलं, तेव्हा कालक्याचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. छोटी गाडी शिमल्याला पाचेक तास घेते. शहाण्णव किलोमीटर, एकशे दोन बोगदे, १९०३ पासून धावतेय. घाई असेल तर बस बरी.

तिकडचं खायचं तर सिड्डू (सारण भरून वाफवलेली रोटी), तुपात बुडवून. ओगल्याचा (कुट्टूच्या पिठाचा) चिलटा म्हणजे धिरडं मिळालं तर सोडू नका. पिओच्या बाजारात चिलगोजे आणि वाळवलेले जर्दाळू घ्या. रोख पैसेही पिओलाच काढून ठेवा, पुढे नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत.

सौ_उंबरठा

साजो का काय तो सण तेव्हाच असतो ना? देवळं बंद असतात असं वाचलं होतं.

रानवारा

हो, जानेवारीतच. देव त्या सुमाराला स्वर्गात जातात अशी श्रद्धा आहे, ते परत येईपर्यंत बऱ्याच गावांत देवळाचं दार लावलेलं. कल्पाच्या काकू म्हणाल्या, देव परतले की या वर्षी पाऊस कसा, पीक कसं, ते सांगतात. मी विचारलं, बसचं पण सांगतात का? त्या म्हणाल्या, त्याला पूछताछ आहे.

ठाणेकर७

बरं, मी हरलो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झेलम बघतोय, अंबाल्यापर्यंत. तंदूरवर मेतकूट-भात होतो का? आणि कल्पाच्या त्या घराचा नंबर व्यनि करा.

रानवारा

होतो, तूप तिकडचंच घ्या. नंबर त्यांना विचारून पाठवते. आणि एक सांगून ठेवते, काकूंकडे सकाळचा चहा मिठाचा असतो, साखरेचा हवा असेल तर रात्रीच सांगा.